ताडपत्री बांधल्यानंतरचा भाव

महाराष्ट्रात 2005 चा बदल्यांचा कायदा आला. सरकारी नोकराने एका जागी साधारण तीन वर्षे बसावे आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये व्हाव्यात, असे ठरले. त्यामुळे प्रशासनाला शिस्त लागली की नाही, यावर मंत्रालयात मतभेद असू शकतात. 'पॅकर्स अँड मूव्हर्स' अशी पाटी लावणाऱ्यांना मात्र बसल्याजागी एक हंगाम मिळाला, याबद्दल वाद नाही.

समजा, पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला एक संसार आणायचा आहे. घरातले गुरुजी मोबाइल उघडतात, तर एकाच नावाच्या पाच-सात कंपन्या समोर उभ्या. प्रत्येक जण 'ओरिजिनल'. यात नवल नाही. 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव बाळगणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सलाच गूगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले होते. आमचे नाव शोधणाऱ्याला जाहिरातीत भलतेच लोक का भेटतात, अशी तिची तक्रार. 10 ऑगस्ट 2023 रोजी खंडपीठाने सांगितले की दुसऱ्याचे नाव जाहिरातीचा शोधशब्द म्हणून वापरले म्हणजे दरवेळी उल्लंघन होतेच असे नाही. पण जाहिरातीच्या या धंद्यात गूगल हा नुसता बघ्याही नाही, असेही खंडपीठ म्हणाले. खऱ्या कंपनीला आपले नाव राखायला वकील लावावा लागतो, तिथे गुरुजींनी कुठला नंबर खरा मानावा?

गुरुजी पहिला नंबर लावतात. पलीकडचा आवाज अत्यंत सुसंस्कृत. 22 हजारांत सगळे, पलंग खोलून पुन्हा जोडून देण्यासह. थोडा अ‍ॅडव्हान्स. ठरल्या दिवशी ट्रक येतो, हमाल चपळाईने सामान भरतात, ताडपत्रीचे दोर आवळले जातात आणि मग तोच सुसंस्कृत आवाज 38 हजार म्हणतो. गॅसची शेगडी ट्रकमध्ये, गाद्या ट्रकमध्ये, मुलांचे दाखले ट्रकमध्ये. घासाघीस करायला गुरुजींच्या हातात उरलेला असतो फक्त झाडू.

वाढलेल्या 16 हजारांचा हिशेब वाचनीय असतो. त्यात 'ई-वे बिल चार्ज' असतो. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या नियमांनी ई-वे बिलातून सूटच दिलेली आहे, म्हणजे हे पैसे न लागणाऱ्या कागदाचे. कधी 'ऑक्ट्रॉय'ही असतो. मुंबईतली जकातसुद्धा 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर वारली. कोटेशनमध्ये तिचे श्राद्ध अजून जेवणावळीसह चालू आहे. शिवाय 'विमा, तीन टक्के'. विमा विकायला विमा नियामकाकडे नोंदणी लागते आणि विम्याची पॉलिसी मिळते. इथे मिळतो रबरी शिक्का.

पैसे दिले म्हणून ट्रक दारव्ह्याला पोचतो, असे कोणी समजू नये. अशा कंपनीकडे बहुधा स्वतःचा ट्रकच नसतो. अड्ड्यावरच्या दलालाकडून परतीची गाडी मिळाली की तिच्यात संसार चढतो. गाडी मिळेपर्यंत 'माल गोडाऊनला सेफ आहे'. मग फोन येतो की गाडी समृद्धी महामार्गावर बंद पडली. नंतर कळते की गोडाऊनचे भाडे रोज चढते आहे. 'अरे बाप्पा, सामान कुठी हाये, थे तं सांग आधी!' असे गुरुजींच्या घरून ओरडले जाते आणि फोन कट होतो.

ठरलेली मजुरी थकली तर त्या मजुरीपुरता माल अडवून ठेवण्याचा हक्क 1872 च्या करार कायद्याने दिला आहे, कलम 170. कोणत्याही थकबाकीसाठी कोणताही माल धरून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम 171 ने बँकवाले, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी आणि विमा-दलाल यांना दिला. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीत पॅकर्स नाहीत. त्यांनी स्वतःला मागाहून घालून घेतले.

दारव्ह्याच्या शेतकऱ्याला हे सगळे विचित्र वाटेल. तो सोयाबीन नोंदणीकृत वखारीत टाकतो तेव्हा पावतीवर वजन, प्रत, मालाची किंमत, सगळे असते. त्या पावतीवर बँक कर्जही देते. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' रेल्वे रखडत धावे, पण मालाला रेल्वेची पावती असे. गुरुजींच्या तीस वर्षांच्या संसाराची नोंद मात्र 'जुने सामान, 41 नग'.

खरा डाव या नोंदीतच आहे. 2007 चा रस्ते-मालवाहतूक कायदा 1 मार्च 2011 पासून लागू झाला. माल हरवला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाला सिद्ध करावा लागत नाही, एवढा तो उदार. पण जास्त जोखीम ठरवून घेतली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापट, तीही जाहीर किमतीच्या वर नाही. म्हणून मालाच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, किमतीच्या रकान्यात कंपनीचा माणूस आपणहून 'पाच हजार' लिहितो आणि गुरुजी घाईत सही करतात. बिल्टीच दिली नाही, तर तेवढेही लिहायचे कष्ट नाहीत. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते. 'उद्या पोचेल' हे उत्तर किती महिने पुरवायचे, याचा अंदाज कंपनीला त्यावरून येतो.

बिल्टीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'सर्व वाद मुंबई न्यायालयात' असते. हे हत्यार सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच बोथट केले. पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी या खटल्यात तामिळनाडूतल्या बोडिनायकनूरहून दिल्लीला निघालेली वेलची गोदामाच्या आगीत खराब झाली होती. ज्या गावच्या शाखेने माल घेतला तिथेही दावा चालतो, छापील ओळीने तो मुंबईला नेता येत नाही, असा निकाल लागला. 2019 च्या ग्राहक कायद्याने आणखी सोय केली: तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार. दारव्हेकरांसाठी 40-42 किलोमीटरवर यवतमाळचा जिल्हा आयोग आहे, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.

हे सारे गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक असेलच असे नाही. त्यांची पद्धत वेगळी. ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी ठरवायची आणि केबिनमध्ये एक मामा बसवायचा. मामाला खर्रा, पाण्याची बाटली आणि नगांची यादी द्यायची. जालन्याच्या अलीकडे धाब्यावर गाडी थांबली की मामा उतरतो, ताडपत्री उचलतो आणि जेवायच्या आधी कपाट मोजून येतो.