एक ताडपत्री जास्त

‘संस्थेत काम करते’ असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा आधी हळवा होतो. ‘वा, फार पुण्याचं काम!’ मग दोन घोट चहा पोटात गेला की मान जरा पुढे येते, आवाज खाली उतरतो. ‘पगार वगैरे देतात का गं?’ देतात म्हटलं की हळवेपणा ओसरतो. एक तारखेला पगार खात्यात जमा होतो, पीएफ कापला जातो आणि वर्षातून एकदा अप्रेझलच्या वेळी साहेबांपुढे नाक मुठीत धरून बसावं लागतं, एवढं ऐकल्यावर तर लोकांना आपण पुण्य वाया घालवलं असंच वाटतं. समाजसेवा करणाऱ्याने कसं, खांद्याला झोळी लावून जरा उपाशी दिसावं. आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं डाएटवर आहेत.

गावाकडच्या छोट्या संस्थेची गोष्ट वेगळी. तिथे एक भाऊ असतात किंवा एक ताई असतात, त्यांनी शब्द टाकला की काम उभं राहतं. देशोदेशी पसरलेल्या मोठ्या मदत संस्थेत भाऊ नसतात, रिपोर्टिंग लाइन असते. इथे दिवसभर करुणा चालत असेल असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात एक्सेल चालतं.

मला याचं फारसं वैषम्य वाटत नाही, कारण या सगळ्याचा मूळपुरुष निघाला होता तोच मुळी एका अडकलेल्या कागदापायी. हेन्री ड्यूनांट हा जिनिव्हाचा व्यापारी. अल्जीरियात त्याने धंदा मांडला होता आणि जमीन-पाण्याच्या परवानग्या काही केल्या मिळत नव्हत्या. खालचे साहेब दाद देईनात, तेव्हा हा गडी थेट बादशहालाच गाठायला निघाला. बादशहा तिसरा नेपोलियन त्या वेळी उत्तर इटलीत लढाईवर होता. १८५९ च्या जूनमध्ये ड्यूनांट सोल्फेरिनोजवळ पोचला, तर लढाई आटोपलेली आणि हजारो जखमी तसेच पडलेले. परवानगी राहिली बाजूला. आसपासच्या बायाबापड्या गोळा करून तो पट्ट्या बांधत, पाणी पाजत बसला. पुढे त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली. तीच पुढे रेड क्रॉस झाली.

भाषणांत ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. पुढची अशी, की १८६७ मध्ये ड्यूनांटचं दिवाळं निघालं आणि ज्या समितीच्या जन्माला तो कारण झाला, तिनेच त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. जग त्याला विसरून गेलं. १९०१ मध्ये त्याला शांततेचं पहिलं नोबेल द्यायची वेळ आली, तेव्हा तो स्वित्झर्लंडमधल्या हायडन नावाच्या गावी इस्पितळाच्या एका खोलीत दिवस काढत होता. आमच्या क्षेत्रात हिशोब चुकला की संस्थापकालाही माफी नाही. अकाउंट्सवाले ही गोष्ट ऐकून समाधानाने मान डोलावतात.

कुठेही पूर आला, भूकंप झाला की माझा फोन नातेवाइकांनी भरून जातो. ‘अगं, दोन गाठोडी जुने कपडे काढून ठेवलेत. गाडी पाठवतेस?’ एरवी बोहारीण आली असती आणि पातेलं देऊन गेली असती. पण आपत्तीच्या दिवसांत पातेल्यापेक्षा पुण्याचा भाव चढा असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. त्यांत लोकरीचे कपडेही होते. नागपट्टणमच्या कोळ्याने ते घालून जायचं कुठे? ‘गूंज’ संस्थेच्या अंशू गुप्तांनी जुन्या कपड्यांचं सोनं केलं, गोधड्या आणि सॅनिटरी पॅड शिवून घेतले, २०१५ चा मॅगसेसे पुरस्कारही मिळवला. पण त्यासाठी आधी एकेक गाठोडं सोडून, निवडून, मोजून लावावं लागतं. ते काम कोणाच्याच डोळ्यांत पाणी आणत नाही. आलंच तर धुळीने येतं.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठी चिपळुणात शिरली. बाजारपेठ बुडाली, घरं बुडाली, आणि पाणी उतरलं तेव्हा सगळ्या गावात चिखल बसलेला. लोकांना हवे होते खराटे, फावडी, घमेली, फिनेल आणि चिखल उपसायला चार हात. राज्यभरातून ट्रक आले ते बिस्किटांचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे. पाठवणाऱ्यांचं मन मोठं होतं यात शंका नाही. एका गृहस्थांनी ओट्यावर रचलेले पुडे मला दाखवले आणि शांतपणे विचारलं, ‘मॅडम, चहा करायला स्टो नाही. हे बुडवू कशात?’

आम्ही बिस्किटं घेऊन गेलो नव्हतो. आम्ही फॉर्म घेऊन गेलो होतो. त्याला ‘गरजांचं सर्वेक्षण’ म्हणतात. माणूस ढोपरभर चिखलात उभा आणि आपण टॅबलेट सावरत त्याला विचारायचं, ‘आपल्या घरी पाण्याचा मुख्य स्रोत कोणता?’ त्याने नुसता नदीकडे हात केला. पण खरं सांगायचं तर, फावडी किती लागतील याचा आकडा त्याच फॉर्ममधून निघाला. नाहीतर आम्हीही बिस्किटंच नेली असती, आणि तीही साखर कमी असलेली.

आकडा निघाला म्हणजे फावडी निघाली असं मात्र नाही. खरेदीला तीन कोटेशनं लागतात. चिपळुणातले हार्डवेअरवाले स्वतःच बुडालेले. एक दुकानदार म्हणाला, ‘फावडी दुकानातच आहेत हो, पण दुकानात शिरायला फावडं नाही.’ जीएसटी नंबर विचारला तर म्हणाला, ‘तोही खालीच आहे.’ आणीबाणीत एका कोटेशनवरही खरेदी करता येते. त्यासाठी ‘नोट फॉर फाइल’ लिहायची आणि तिच्यावर तीन सह्या घ्यायच्या. तीनचा आकडा काही चुकत नाही.

पैशाचा प्रवास हा तर निराळाच अध्याय. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. तेव्हापासून परदेशातून येणारा प्रत्येक पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उतरतो. पूर कोकणात येवो की आसामात, देणगी पहिल्यांदा दिल्ली दाखवून आणली जाते. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. तेव्हापासून आमच्याकडे झेरॉक्स पाठपोट काढतात, आणि ऑफिसचं भाडं नेमकं कुठल्या डोक्यावर टाकायचं यावर मोठमोठी माणसं तासन् तास डोकं खाजवत बसतात. कंपन्यांच्या सीएसआरचं घोडं वेगळ्याच बाजूने धावतं. नफ्याच्या २ टक्क्यांचा हा पैसा वर्षभर विचारात असतो आणि मार्चमध्ये एकदम पाझरतो.

आमच्या क्षेत्राची पोथी म्हणजे स्फिअरची मानकं. आपत्तीत माणसाला किमान काय मिळालं पाहिजे, ते तिच्यात आकड्यांनी सांगितलं आहे. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, आणि निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. एका प्रशिक्षणात हे आकडे पडद्यावर झळकत होते. मागच्या खुर्चीवर आमचा ड्रायव्हर बसला होता. परळच्या चाळीत राहतो. त्याने मोबाइलवर हिशोब केला आणि हात वर केला. ‘सर, आमची खोली १० बाय १२. म्हणजे ११ चौरस मीटर धरा. माणसं सहा. या हिशोबाने २१ पाहिजेत.’ प्रशिक्षक कौतुकाने म्हणाले, ‘बरोबर.’ तो म्हणाला, ‘मग आमचं नाव कुठल्या यादीत घालायचं?’ सगळे हसले. मीही हसले. प्रशिक्षकांनी पुढची स्लाइड लावली. तिच्यावर २० जणांमागे एक संडास होता आणि ड्रायव्हर पुन्हा मोबाइल काढत होता.

वाटप झालं की काही आठवड्यांनी आम्ही परत जातो, वस्तू पोचल्या का आणि कामाला आल्या का ते विचारायला. मला आमच्या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे आमची पोथी आणि माणसाचं डोकं समोरासमोर येतं. चिपळूणजवळच्या एका वाडीत एक आजी पडवीत बसल्या होत्या. मी टॅबलेटवर फॉर्म उघडला. ‘आजी, मिळालेल्या बादलीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा.’

‘पाच म्हंजे बरा की वायट?’

‘बरा.’

‘मग पाच लिव. घरी आलेल्या माणसाला वायट कशाला सांगायचा?’

ही बादली म्हणजे आमच्या तज्ज्ञांचं लाडकं लेकरू. घट्ट झाकण आणि खाली तोटी, म्हणजे पाण्यात हात बुडवायला नको, रोगराई नको. बादली कुठे आहे म्हणून विचारलं तर आजींनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिच्यात गळ्यापर्यंत तांदूळ भरले होते. झाकण घट्ट, उंदीर शिरत नाही, आजी खूश. ‘पण तो नळ कशाला लावलान?’ त्या म्हणाल्या. ‘तांदूळ गळतात त्यातून. चिंधी कोंबलीय मी.’ फॉर्ममध्ये वापराचे पर्याय चारच होते : पिणे, स्वयंपाक, अंघोळ, इतर. मी ‘इतर’वर बोट ठेवलं. अहवालात ‘इतर’ बराच मोठा निघाला. दिल्लीच्या बैठकीत एका साहेबांनी विचारलं, ‘हे इतर म्हणजे नेमकं काय?’ मी तांदूळ म्हटलं. त्यांनी मायक्रोफोन म्यूट आहे का ते तपासलं.

मदत संस्थेचा खरा गाभा मला विचाराल तर ना बैठकीत आहे, ना अहवालात. तो गोडाउनात आहे. आमचं गोडाउन तात्यांच्या ताब्यात. एसटीच्या आगारात उभी हयात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस. लग्नघरात कोठीची किल्ली कमरेला लावून बसलेल्या आत्याबाईंचा जो दरारा, तोच तात्यांचा. नवरदेवाच्या बापालासुद्धा साखर मागून घ्यावी लागते. चार मीटर बाय सहा मीटरच्या ताडपत्र्या, सोलर दिवे, साबणाच्या वड्या, प्रत्येक थप्पीला टांगलेलं आवक-जावकीचं बिन कार्ड, आणि त्यावर तात्यांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. मुंबईहून टी-शर्ट घालून कंपनीची पोरं-पोरी किट भरायला येतात. उत्साहाने भरतात, फोटो काढतात, वडापाव खातात आणि निघून जातात. त्यांची बस वळणावरून दिसेनाशी झाली की तात्या पहिलं किट उघडतात. एकात तीन साबण, दुसऱ्यात एकही नाही. रात्री दिव्याखाली सगळी किटं पुन्हा भरली जातात. तात्या कोणाला नावं ठेवत नाहीत. एवढंच म्हणतात, ‘ताई, पोरांना मनापासून वाटतं हो. पण ज्या घरात साबण नाही गेला, त्या बाईला ह्यांच्या मनाचं काय करायचं?’

पुराच्या वर्षीच्या ऑडिटमध्ये तात्यांच्या साठ्यात फरक निघाला. फरक नेहमी कमीचाच असतो. पाच-पन्नास वस्तू भिजतात, उंदीर कुरतडतात, एखादी वाटेत हरवते. त्याला ‘तूट’ म्हणतात, तिचा रकाना आहे, कारणांची यादीही ठरलेली आहे. इथे मात्र एक ताडपत्री जास्त भरली. ऑडिटर तरुण होता. त्याने थप्पी दोनदा मोजली, मग माणूस बदलून मोजून घेतली. जास्तीचा रकानाच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर असा संशय दाटला, की हजार ताडपत्र्या गायब असत्या तरी दाटला नसता.

तात्यांनी बिन कार्ड काढून नोंद दाखवली. वाशिष्ठीकाठच्या एका गावचे म्हातारबुवा ताडपत्री काखोटीला मारून एसटीने गोडाउनवर आले होते. बाप आणि लेक, रेशनकार्डं दोन, म्हणून यादीत नावं दोन आणि ताडपत्र्याही दोन. ‘छप्पर एकच हाय,’ म्हातारबुवा म्हणाले, ‘दुसरी न्या परत.’ तात्यांनी सांगितलं, असं परत घेता येत नाही, तशी पद्धत नाही. म्हातारबुवांनी ताडपत्री दाराशी ठेवली, पाणी प्यायले आणि परतीची गाडी पकडायला निघून गेले. आता दाराशी पडलेली वस्तू न मोजता सोडणं तात्यांच्या रक्तात नाही. त्यांनी ती थप्पीवर चढवली आणि बिन कार्डावर लिहिलं : ‘आवक १. लाभार्थ्याकडून.’

ऑडिटरने हे वाचून बराच वेळ पेन टेकवून धरलं. शेवटी शेरा पडला, की लाभार्थ्याने वस्तू परत केल्यास अवलंबायची कार्यपद्धती संस्थेकडे नाही, ती तयार करावी. वरून लेखी उत्तर मागवलं गेलं. समिती बसली, मसुदा झाला, मसुद्यावर शेरे आले. अखेर चार पानी फॉर्म तयार झाला. परत करणाऱ्याचं ओळखपत्र, परत करण्याचं सबळ कारण, वस्तूची सद्यःस्थिती, दोन साक्षीदारांच्या सह्या.

तात्यांनी तो चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचला आणि झेरॉक्सला पोराला पाठवताना म्हणाले, ‘पन्नास काढ.’

‘पन्नास कशाला, तात्या? पाच पुरे झाल्या,’ मी म्हटलं.

‘लागतील हो ताई,’ तात्या म्हणाले. ‘आणि पाठपोट काढ रे, बजेट नाही.’