नवधावक

दिवाळीचा फराळ संपून डब्याच्या तळाशी चकलीचे तुकडे उरले, की पुण्यात थंडीबरोबर एक नवा गृहस्थ रस्त्यावर येतो. वय चाळिशीच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे, नोकरी बसून करायची, आणि पँटचं हुक लावताना श्वास रोखायची सवय. वार्षिक तपासणीच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे ठळक ‘एच’ छापून आलेला असतो. डॉक्टर म्हणतात, “रोज थोडं चालत जा.” पण चालणं त्याला कमीपणाचं वाटतं. चालायला काय, पेन्शनीतली माणसंही चालतात! नेमका त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकाचा गळ्यात मेडल घातलेला फोटो व्हॉट्सॲपवर येतो. लिफ्ट बंद असली की पहिल्या मजल्यावरची मीटिंग उद्यावर ढकलणारा हाच तो इसम. हा पळू शकतो, तर मी का नाही? झालं, ठरतं. पळायचं.

ठरल्यावर नवधावक पहिलं काम करतो ते सांगण्याचं. बायकोला, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, पार्किंगमध्ये गाड्या पुसणाऱ्या पोराला. शाळेच्या ग्रुपवरून त्याला अठरा अंगठे आणि “आधी जिना चढून दाखव” असा एक जुन्या मित्राचा आशीर्वाद मिळतो. आईला सांगितलं तर ती म्हणते, “कशाला? कोण मागं लागलंय?” या प्रश्नाला आजवर एकाही धावकाला समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही.

दुसरं काम खरेदीचं. यात मात्र तो कसलीही घाई करत नाही. एरवी लग्नाचा बस्तासुद्धा दीड तासात उरकणारा माणूस बुटांसाठी तीन रविवार घालवतो. कुठंतरी वाचलेलं असतं की आधी आपल्या पावलाची जात ओळखायला हवी. म्हणून भल्या सकाळी बाथरूममधून ओल्या पायानं लंगडत येऊन तो हॉलमध्ये पसरलेल्या ताज्या पेपरवर पाऊल उमटवतो. कमान किती दिसते, तळवा सपाट आहे की कसा, हे चष्मा लावून, ओणवं होऊन बघतो. मागं वडील चहाचा कप घेऊन उभे. त्यांना अग्रलेख वाचायचा असतो आणि अग्रलेखावर मुलाची टाच असते. “झालं का तुझं?” “बाबा, एक मिनिट, उजवा राहिलाय.” उजवा पाय नेमका निधनवार्तांवर पडतो. वडील त्यावर काही बोलत नाहीत. पण त्या दिवसापासून ते पेपर स्वतःच दारातून उचलतात.

मग दुकान. तिथला पंचविशीतला पोरगा त्याला ट्रेडमिलवर चार पावलं पळवतो, मोबाइलवर त्याच्या घोट्यांचं शूटिंग करतो आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, “सर, तुमचा पाय आत पडतो.” सर हबकतात. चाळीस वर्षं पाय आत पडत होता आणि घरात कुणाच्या लक्षात येऊ नये! साडेनऊ हजारांची जोडी घरी येते. सोबत घाम न धरणारे टी-शर्ट, घाम धरणारे मोजे आणि मनगटाला घड्याळ. हे घड्याळ वेळ सोडून बाकी सगळं आधी सांगतं.

“बारामतीच्या लताबाई करे नऊवारीत पळाल्या, तेही अनवाणी,” बायको बिल बघत म्हणते. “पहिल्या आल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला.”

“त्यांचा फॉर्म नॅचरल होता,” नवधावक शांतपणे सांगतो.

बायकोचं म्हणणं खरं आहे, आणि ती ज्यांचं नाव घ्यायला विसरली ते शिवनाथ सिंगही बहुतेक वेळा अनवाणीच पळायचे. १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन संपवली आणि तो भारतीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. पण हे नवधावकाला सांगण्यात अर्थ नाही. बूट घरात आलेले असतात.

शेवटी ती पहाट उगवते. पाच वाजता गजर होतो. हा गजर त्याच्याखेरीज घरातल्या सगळ्यांना जाग आणतो. साडेपाचला तो विद्यापीठाच्या आवारात पोचतो. जागा मुद्दाम घरापासून लांबची, कारण पहिल्या दिवशी ओळखीचं कुणी नको. हातपाय जरा झटकतो, घड्याळाचं बटण दाबतो, आणि सुटतो. अक्षरशः सुटतो. त्याला पळण्याचा आधीचा अनुभव एकच, शाळेच्या स्नेहसंमेलनातली शंभर मीटरची शर्यत. पळणं म्हणजे जीव खाऊन पळणं, हे तेव्हा डोक्यात बसलंय ते अजून निघालेलं नाही. केनियाचा केल्विन किप्टम २०२३ साली शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पळाला, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २ मिनिटं ५१ सेकंद. आमचा नवधावकही थेट त्याच वेगानं निघतो. फरक इतकाच, की किप्टमनं तो वेग ४२.१९५ किलोमीटर टिकवला आणि हा वडाच्या झाडापर्यंत टिकवतो. झाडाखाली कमरेवर हात ठेवून उभा असताना त्याच्या तोंडातून जो आवाज येतो, तो ऐकून फिरायला आलेल्या एक बाई आपलं पाणी पुढं करतात. घड्याळ थरथरतं. ‘उत्तम सुरुवात,’ असं त्यावर उमटतं. यंत्राला लाज नसते.

गंमत अशी, की कसं पळावं हे या माणसाला तोंडपाठ असतं. अमेरिकेतल्या जॉश क्लार्क नावाच्या तरुणानं १९९६ साली पन्नाशीतल्या आपल्या आईला पळतं करण्यासाठी नऊ आठवड्यांचा एक साधा आराखडा केला. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट पळायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. पुढं चालणं घटवत, पळणं वाढवत नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास. जगभरातल्या असंख्य बसक्या लोकांना या आराखड्यानं उठवलं. नवधावकानं तो डाउनलोड केलेला असतो, प्रिंट काढून फ्रिजवर लावलेला असतो. पण एक मिनिट पळून दीड मिनिट चालायचं? कुणी बघितलं म्हणजे? चालताना समोरून ओळखीचा चेहरा आला, की तो पटकन खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतो. एका फेरीत चारदा नाडी सुटणारा माणूस दिसला, की खुशाल समजावं, हा नवा आहे.

कुत्र्यांचंही त्याला एक दुःख असतं. भटकी कुत्री पळणाऱ्याच्या मागं लागतात, असं ऐकून त्यानं खिशात बिस्किटं ठेवलेली असतात. कुत्री एक डोळा उघडून त्याच्याकडं बघतात आणि परत झोपतात. वेगाबद्दल इतकं स्पष्ट मत त्याला अजून कुणी दिलेलं नसतं. बिस्किटं मग तोच खातो.

पळण्यात प्रगती होवो न होवो, बोलण्यात ती दुसऱ्या आठवड्यातच दिसते. पेस, कॅडन्स, झोन टू, टेम्पो, लाँग रन. “काल जरा हार्ट रेट वर गेला” हे वाक्य तो असं म्हणतो, की काल भावकीत कुणाचं बारसं होतं असं वाटावं. लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा जिलबीला नको म्हणतो, सगळ्यांनी कारण विचारावं म्हणून. कारण सांगून झालं, की “कार्ब लोडिंग” म्हणत सहा घेतो. खरं तर दीड तासाच्या आतल्या पळण्याला अंगातला साखरेचा साठा पुरतो, आणि याचं पळणं सध्या बावीस मिनिटांचं आहे. पण जिलबीला शास्त्राचा आधार मिळत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. छाती आणि दम सराव लवकर पकडतात. हाडं आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात. म्हणजे दम म्हणतो चल आणि नडगी म्हणते थांब. शहाणा माणूस नडगीचं ऐकतो. नवधावक दमाचं ऐकून अंतर एकदम दुप्पट करतो. मग घरात बर्फवाले आणि शेकवाले असे दोन पक्ष पडतात. आई तिळाचं तेल कोमट करून आणते आणि चोळता चोळता म्हणते, “तरी मी विचारलं होतं, कोण मागं लागलंय.”

बरेच नवधावक इथंच संपतात. बूट भाजी आणायला वापरले जातात आणि घड्याळ चार्जरअभावी ड्रॉवरमध्ये जातं. जे वाचतात ते काकूंमुळे.

पळणाऱ्यांच्या प्रत्येक जागी अशा एक काकू असतातच. वय साठीच्या पुढं, पंजाबी ड्रेस, केसांना क्लिप, पायात कुठल्यातरी सेलमधले बूट. पावलं एवढीशी, जेमतेम जमिनीवरून उचललेली. यांना कुणी धावपटू म्हणणार नाही, पण त्या थांबत नाहीत. आणि गप्प बसत नाहीत. नडगी बरी झाल्यावर नवधावक पुन्हा आवारात येतो, तेव्हा त्या शेजारून जाता जाता म्हणतात, “श्वास सोडत जा रे, धरून कशाला ठेवतोस? नवीन का तू? राहतोस कुठं?” त्याचा पत्ता कळताच त्याच सोसायटीतल्या बी विंगमध्ये त्यांच्या मावसबहिणीची सून निघते. सुनेची गोष्ट सुरू होते. आता पंचाईत. गोष्ट अर्धी सोडून पुढं जाणं बरं दिसत नाही. मागं पडणं तर त्याहून वाईट. म्हणून तो काकूंच्या वेगानं पळत राहतो, अधूनमधून “हो का?”, “मग सासूबाई काय म्हणाल्या?” असं विचारत. सुनेचं दुसरं बाळंतपण सुखरूप पार पडतं तेव्हा घड्याळ थरथरतं. पाच किलोमीटर. आयुष्यातले पहिले सलग पाच किलोमीटर, आणि धाप नाही.

बोलता येईल इतक्याच वेगानं पळा, हा नवशिक्यांसाठीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा सल्ला. पुस्तकांत तो पहिल्या पानांवरच असतो. नवधावकानं तो कितीतरी जणांना सांगितलेलाही असतो. माझ्या मते पळायला शिकणं म्हणजे निम्म्याहून जास्त ही हळू पळायची लाज सोडणंच आहे. बूट, घड्याळ, जिलबी नंतरची. काकूंना लाज वाटायचं कारण नाही, कारण त्यांच्याकडं कोण बघतंय याकडं त्यांचं लक्षच नसतं. बी विंग मोठी आहे.

त्यानंतर त्याचं पळणं सरळ होतं, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखंही फार उरत नाही. तो दहा किलोमीटरच्या स्पर्धेत नाव घालतो. आदल्या रात्री टी-शर्टवर चार सेफ्टी पिनांनी नंबर लावतो, तिरका झाला म्हणून काढून परत लावतो, बोटाला पिन टोचून घेतो. पहाटे चारला उठून चपळाईनं जातो आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत अर्धा तास उभा राहतो. सुरुवातीच्या रेषेवर हजारो माणसं जागच्या जागी उड्या मारत असतात. काकूही असतात. त्या त्याच्या बरोबर निघतात आणि त्याच्या आधी पोचतात. सव्वा तासानं हाही पोचतो. गळ्यात मेडल पडतं, हातात केळं आणि उपम्याची प्लेट येते. मेडल पोचणाऱ्या प्रत्येकाला मिळतं, ही बाब तो घरी सांगत नाही. कुणी विचारतही नाही, कारण विचारायचं असतं ते वेगळंच.

“कितवा आलास?”

दाराशी दूधवाला विचारतो. वडील विचारतात, समोरच्या फ्लॅटमधले काका विचारतात. सोमवारी ऑफिसात तर साहेब स्वतः. आपल्याकडं शर्यत म्हटली की नंबर, नाहीतर मग पळालाच कशाला? १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला दोराबजी टाटांच्या खटपटीनं हिंदुस्थानातून मोजके खेळाडू गेले. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून टाटांच्या मनात ते आलं होतं. त्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. एकोणिसावा कसा यावा हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. त्यांना हा प्रश्न शोभतो. आमच्या माणसाचा नंबर चार आकडी आहे, त्याला तो पाठ आहे, आणि तो तुम्हाला कधीही सांगणार नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या मोसमात असा कुणी मेडल घालून तुमच्या जिन्यात भेटला, तर एवढं करा. कितवा आलास, हे विचारू नका. “कसं झालं?” असं विचारा. मात्र त्याआधी गॅस बंद करून या, पाऊण तास लागतो.