लाईन गेली, लॅपटॉप गेला

चंद्रपूर जिल्ह्यात राहून लाईन गेल्याची तक्रार मुंबईच्या पाहुण्यांपुढे करू नये. त्यांना ते खोटं वाटतं. दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. इथली बरीच वीज डीसी करून ५०० किलोव्होल्टच्या तारांवर चढवतात आणि ७५२ किलोमीटरवर पडघ्याला उतरवून घेतात. एवढ्या प्रवासात ती विदर्भ ओलांडते, मराठवाडा ओलांडते, घाट उतरते. पोंभुर्ण्यात माझ्या भिंतीवरच्या बोर्डापासून टेबलावरच्या लॅपटॉपपर्यंत हातभर वायर आहे. तेवढ्यात तिला धाप लागायची.

खरं तर लॅपटॉपचं वागणं चोख होतं. पिन लावलेली असली की दिवसभर चालायचा. पिन काढून नुसत्या बॅटरीवर सुरू केला, तरी स्क्रीन मंद करून बराच वेळ निमूट चालायचा. पण लाईन गेली, इन्व्हर्टरने ‘टक्’ केलं, की पडदा काळा. ना इशारा, ना निरोप. दोन्ही घरी नांदणारा, फक्त उंबऱ्यावर प्राण सोडणारा.

पोंभुर्ण्यात आजार लपत नाही, माणसाचा असो की यंत्राचा. शाळेतल्या एका सहकाऱ्याने व्हायरसचं निदान केलं. दुसऱ्यांनी स्टॅबिलायझर सुचवला, कारण त्यांच्या फ्रिजला त्याने गुण आला होता. शेजारचे काका पाणी प्यायला आले आणि अर्धा तास लॅपटॉपकडे बघत बसले. “सर, गर्मीनं होते जी हे. त्याले कुलरसमोर ठेवा.” मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा आमच्याकडे कुलरसमोरच्या जागेवरून सख्ख्या भावांत वाकडं येतं. ती जागा लॅपटॉपला द्यायची, तर घरात मी कुठे बसणार? काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही, पण अमलातही आणलं नाही.

सगळ्यांचा रोख मात्र इन्व्हर्टरवर होता. त्यात तथ्यही होतं. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बारकं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला साधा मोड. साध्या मोडवर तो व्होल्टेजचे चढउतार जास्त सोसतो, पण लाईन गेल्यावर अंमळ रेंगाळून जागा होतो. पंख्याला त्याचं काही नसतं, तो आपल्याच गतीत फिरत राहतो. कॉम्प्युटरला ते रेंगाळणं सोसत नाही. बटण यूपीएसवर केलं आणि मी विजयी मुद्रेने लाईन जायची वाट पाहू लागलो. नेमकी त्या दिवशी ती जाईना! महिनाभरात एवढा अखंड पुरवठा झाला नव्हता. संध्याकाळी गेली एकदाची, आणि लॅपटॉपही तिच्यामागे सती गेला.

मग मोबाईल दुरुस्त करणारा एक पोरगा आला. त्याने काही उघडलं नाही, खोललं नाही. चालू लॅपटॉपची पिन हाताने उपसली. बंद. “सर, इन्व्हर्टरले कायले बदनाम करता? यात इन्व्हर्टर आहेच कुठं?” लाईन चालू, इन्व्हर्टर झोपलेला, तरी रोगी दगावला. एवढा साधा तपास आमच्यापैकी एकाही पदवीधराने केला नव्हता.

पुढे त्याने एक काळी खिडकी उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ असा मंत्र टाइप केला. विंडोजमध्ये ही सोय असते, कुंडली तयार होऊन समोर येते. जन्माच्या वेळी माझ्या बॅटरीत ४१,००० मिलीवॉट-तास मावत होते, आता जेमतेम १२,०००. म्हणजे कोपऱ्यात ऐटीत झळकणारे १०० टक्के हे उरलेल्या तीसेक टक्क्यांचे १०० टक्के होते. शिवाय म्हातारपणात बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. सावकाश मागितलं तर देते, एकदम मागितलं तर व्होल्टेज खचतं आणि लॅपटॉप स्वतःला वाचवायला डोळे मिटतो. पिन लावलेली असताना प्रोसेसर पूर्ण वेगात पळत असतो, आणि पिन निघाली की तो सगळा भार त्याच क्षणी म्हातारीच्या डोक्यावर.

झाडीपट्टीच्या नाटकाला रात्र जागवलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. ऐन पदात लाईन जाते, मंडप अंधारात बुडतो, मागे जनरेटरची दोरी ओढणं सुरू होतं. तोवर पेटीवाला सूर सोडत नाही, तबला थांबत नाही, नट तीच ओळ घोळवत राहतो आणि प्रयोग पडत नाही. माझ्या लॅपटॉपचा पेटीवाला मधल्या मध्ये झोपत होता.

उष्णतेचं काकांचं म्हणणं शेवटी खरंच निघालं. लिथियम-आयन बॅटरी उन्हात लवकर झिजते, आणि कायम पूर्ण भरून ठेवली तर आणखी लवकर. पोंभुर्ण्यात दोन्ही योग जुळून येतात. या बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातल्या जॉन गुडइनफ यांनी ते ९७ व्या वर्षी घेतलं आणि पुढे शंभरी गाठली. त्यांच्या संशोधनावर उभी असलेली माझी बॅटरी चौथा उन्हाळा काढू शकली नाही. पण गुडइनफ टेक्सासात राहत. तिथेही ऊन असतं म्हणतात, पण कुलरसमोरच्या जागेसाठी त्यांना बहुधा कुणाशी भांडावं लागत नसावं.

नवी बॅटरी येईपर्यंत त्या पोराने तात्पुरता उतारा दिला. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा पिन लावलेली असतानाही खाली आणली. लॅपटॉप बैलगाडीच्या चालीने चालू लागला, पण लाईन गेल्यावर तगला. नवी बॅटरी बसल्यावर मर्यादा काढली, बटण यूपीएसवर ठेवलं, आता लाईन कधी गेली ते इन्व्हर्टरच्या ‘टक्’वरूनच कळतं.

इथवर सगळं छान होतं. पण शाळांची ऑनलाइन माहिती भरायची मुदत नेहमी आजच्या आजच संपत असते, आणि “लाईन नाही, लॅपटॉप बंद पडला” हे उत्तर इतकी वर्षं कुणी खोडून काढू शकलं नव्हतं. नव्या बॅटरीची बातमी आसपासच्या सगळ्या शाळांत कशी पोचली कोण जाणे. परवा लाईन गेली आणि पाचच मिनिटांत दारात दोन मोटारसायकली. एकाच्या हातात विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची यादी, दुसऱ्याच्या हातात पेनड्राइव्ह. “सर, तुमचा तर चालूच राहते म्हने.”