पालकांसाठी यादी नव्हती

मुलांना स्वावलंबन शिकवायचं तर त्यांना तंबूत राहायला न्यावं, हे बेडन-पॉवेल साहेबांना १९०७ साली सुचलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसएक मुलं नेली, त्यांच्या टोल्या पाडल्या आणि आफ्रिकेतून आणलेलं कुडूचं शिंग फुंकून त्यांना पहाटे उठवलं. या सगळ्या हकिकतीत पालक कुठेच येत नाहीत. आठवडाभर एवढी मुलं बेटावर, आणि धक्क्यावर डबा घेऊन एकही आई उभी नाही! स्काउट चळवळ जगभर पसरली ती उगाच नाही.

आमच्या मुलाच्या शाळेचा स्काउट कॅम्प डिसेंबरात नाशिकहून भंडारदऱ्याला निघाला. पत्रकाच्या तळाशी लिहिलं होतं, 'प्रत्येक टोलीसोबत दोन पालक आवश्यक.' घरी त्यावर चर्चा झाली. म्हणजे ह्यांनी ऑफिसच्या ऑडिटचा विषय काढला आणि चर्चा संपली. चिरंजीव म्हणाले, "आई, तू ये. पण सगळ्यांसमोर मला पिल्लू म्हणायचं नाही." अट मान्य करून मी वाघ टोलीची रक्षक झाले.

मुलांना सामानाची यादी दिलेली होती : सतरंजी, पांघरूण, ताट-वाटी-पेला, दोरी, शिट्टी, टॉर्च. सगळं एका सॅकमध्ये, आणि सॅक ज्याची त्याने उचलायची. पालकांसाठी यादी नव्हती. त्यामुळे बसच्या डिकीत फुगवायच्या गाद्या आल्या, घडीच्या खुर्च्या आल्या, एक इलेक्ट्रिक किटलीही आली. तंबूत प्लग कुठे असेल असं तिच्या मालकांना वाटलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. 'स्काउट काटकसरी असतो' असा नियम आहे. स्काउटच्या आईबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही.

घोटी मागे पडली आणि बारीपाशी कळसूबाई दिसलं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. मुलं खिडकीला चिकटली. पालकांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. लगेच उत्तरं आली : 'स्वेटर घातलाय का?'

शेंडीजवळ पोचल्यावर मुलांनी अर्ध्या तासात तंबू ठोकले, वर बांबूंना दोऱ्या आवळून चपला ठेवायला स्टँडही केला. आमच्या पालकांत एक सिव्हिल इंजिनिअर बाबा होते. त्यांनी आधी मातीचा कस बघितला, मग वाऱ्याची दिशा, मग समोरच्या विल्सन धरणाकडे बोट दाखवून पाया या विषयावर बोलले. ते धरण १९२६ साली पुरं झालं आणि अजून उभं आहे. आमचा तंबू सव्वासहाला पुरा झाला आणि साडेसहाला बसला. शेवटी सहावीतला एक टोलीनायक आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही जरा खुर्चीत बसता का?" ते बसले आणि तंबू उभा राहिला.

संध्याकाळी भांड्यांशिवाय स्वयंपाक होता. निखाऱ्यात बटाटे आणि वांगी पुरायची, मळलेली कणीक काठीला गुंडाळून भाजायची. सरांनी बजावलं, "पालकांनी फक्त बघायचं." आईला कामं सांगा, दहा सांगा, पण फक्त बघायला सांगू नका. कुणाचं वांगं एका बाजूने कोळसा होत होतं, कुणाच्या पोळीतून काठी बाहेर येत होती, आणि आम्ही सगळ्याजणी हात मागे बांधून ओठ चावत उभ्या. एकीला राहवलं नाही. ती झाडामागून लेकाला बेसनाचे लाडू देताना पकडली गेली. लाडू टोलीत जमा झाले. आमचे चिरंजीव घरी पोह्यातला कढीपत्ता चिमटीने उचलून ताटाबाहेर ठेवतात. तिथे राखेसकट वांगं खाऊन "भारी झालंय" म्हणाले. माझ्या भरताला हा शब्द आजवर लाभलेला नाही.

शेकोटीबद्दल फार लिहीत नाही. पालकांच्या नाचाचे व्हिडिओ काहींकडे आहेत, आणि त्या काहींशी मी सध्या फार गोड बोलते.

रात्री थंडी अशी की गादीतली हवासुद्धा आखडली. शेजारच्या तंबूत मुलांनी भुताच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि झोपून गेली. जागे आम्ही. दर थोड्या वेळाने कुणीतरी उठायचं आणि मुलांची पांघरुणं तपासून यायचं. शेवटी आतून आवाज आला, "काकू, आम्ही झोपलोय. तुम्ही टॉर्च मारला की उठतो."

पहाटे शिट्टी झाली. "बीपी सिक्सला चला!" बेडन-पॉवेलनी घालून दिलेले हे सहा व्यायामप्रकार. एक बाबा रजईतूनच म्हणाले, "मला आहे. गोळी चालू आहे."

इंजिनिअर बाबांच्या तंबूसमोर मात्र मुलं गंभीरपणे उभी होती. तिथे कुणीतरी गोट्यांचं एक वर्तुळ मांडलं होतं आणि मध्ये एकच गोटा. स्काउटांच्या मागोव्याच्या खुणांत याचा अर्थ 'मी घरी गेलो'. केनियात न्येरी इथे बेडन-पॉवेल यांच्या समाधीच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे, हे मला चिरंजीवांनी टोपी काढून सांगितलं. आत गादी होती, बाबा नव्हते. मध्यरात्री ते बसच्या शेवटच्या सीटवर जाऊन झोपले होते आणि तिथून त्यांच्या घोरण्याचा आवाज पार धरणाच्या भिंतीपर्यंत जात होता.

नाश्त्यानंतर तंबूंची तपासणी झाली. वाघ टोलीला दहापैकी नऊ. पालकांच्या तंबूसमोर सर थांबले, किटलीकडे बघितलं आणि वही मिटून पुढे गेले.

तेव्हा शाळांना एक विनंती. मुलांचे कॅम्प मुलांचेच राहू द्या. पालकांना न्यायचंच असेल, तर त्यांचा कॅम्प वेगळा काढा. शिकवायला सहावीतली मुलं मिळतील, फक्त परीक्षेचे दिवस सोडून तारीख ठरवा.