हवा कमी आहे, ताई

वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. माझ्या सायकलचं टायर अंगठ्यानं दाबून ‘हवा कमी आहे, ताई’ म्हणणारे आणि न दाबता म्हणणारे. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं. लोकांनी सायकली विकल्या, पण ज्ञान अंगठ्यात जपून ठेवलंय.

सुरुवातीला मी समजावून सांगायचे. ट्यूबवाल्या टायरात हवा कमी ठेवली की दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चेंगरते आणि तिला साप डसल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर चेंगरणार काय? म्हणून ४० पीएसआयऐवजी माझं २४ वर भागतं, टायर जरा पसरतं आणि सुट्या मुरमावरही पकड सोडत नाही. मंडळी हे सगळं शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, ‘तरी भरून घ्या.’

या प्रकरणाची वंशावळही मजेशीर आहे. बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ मध्ये. ते टायर चाकाला चिकटवलेलं असे. पंक्चर झालं की सोलून काढा, ठिगळ लावा, परत चिकटवा आणि रात्रभर वाळत ठेवा. मिशलिन बंधूंनी १८९१ मध्ये सहज निघणारं टायर आणून या कटकटीतून जगाला सोडवलं. त्याच वर्षी ते टायर लावून शार्ल तेराँ पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकले. पुढची शंभर वर्षं बरी गेली. मग १९९९ मध्ये माव्हिक आणि हचिन्सन यांच्या जोडीनं त्याच मिशलिननं माउंटन बाइकची ट्यूबच काढून टाकली. पाठोपाठ टायरात पांढरं सीलंट ओतायची पद्धत आली, आणि चाक रात्रभर घरात आडवं ठेवण्याचा योग आमच्या नशिबी परत आला.

आमच्याकडे हा सोहळा बाल्कनीत होतो. रिममधल्या आऱ्यांच्या भोकांवरून टेप ओढून बसवायची, व्हॉल्व्ह घट्ट करायचा, टायर चढवून कडेला साबणाचं पाणी लावायचं. आता हवा. ती एकदम आणि भरपूर जावी लागते, नाहीतर टायरची कड रिमला टेकतच नाही आणि तुम्ही पंपानं सोसायटीच्या मोकळ्या हवेत हवा भरत राहता. व्हॉल्व्हच्या पोटातली कळ काढून ठेवली की वाट मोठी होते. तेवढ्यानं काम झालं तर ठीक, नाहीतर कॉम्प्रेसर शोधायचा. कड जागेवर बसताना असा फाट्‌कन आवाज होतो की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागतो. मग हवा सोडून त्याच व्हॉल्व्हमधून सीलंट पाजायचं, चाक चारी अंगांनी घुसळायचं आणि बादलीवर आडवं निजवायचं. खोलीभर अमोनियाचा वास. सासूबाई तुळशीला पाणी घालायला येतात, बादलीकडे पाहतात आणि विचारतात, ‘औषध पोटात टिकलं का?’

टिकतं, पण दोन ते सहा महिनेच. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याहूनही कमी. संपलंय का ते कळायला चाक कानाशी धरून नारळासारखं हलवायचं. आत काही डुचमळलं तर रविवार आपला.

एवढं करून मिळतं काय? सांगते. बाभळीचा काटा टायरात रुततो, तुम्ही तो उपटता, सूंऽऽ असा आवाज येतो, एक पांढरा फुगा येतो, तुम्ही भोक खाली जाईल असं चाक फिरवता आणि आवाज थांबतो. संपलं. मी या सुखासाठी कितीही बादल्या अडवीन. बहुतेक काटे तर कळतही नाहीत; टोक आत, बूड झिजून सपाट, भोवती सीलंट. सगळे गुण्यागोविंदानं नांदतात.

टायरच्या बाजूला धारदार दगडानं चीर पडेपर्यंत. ती सीलंटच्या आवाक्यातली नसते. आणि म्हणूनच प्रत्येक ट्यूबलेसवाला पाठीवरच्या पिशवीत एक ट्यूब घेऊन हिंडतो. तसं हे कुणी आपणहून सांगत नाही.

चीर पडली त्या दिवशी मी सायकल ढकलत टेकडीखालच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी सवयीनं पाण्याचं घमेलं पुढे ओढलं, टायर उचकटलं आणि आत हात घातला.

‘ट्यूब?’

मी पिशवीतून काढून दिली, वर त्यांच्या नळीला चालावी म्हणून एक पितळी टोपीही. त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली आणि टायर आतून बोटांनी चाचपलं. मग पक्कड घेऊन गुण्यागोविंदानं नांदणारे काटे एकेक करून बाहेर काढायला लागले आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडत गेले. ओळ कागदाच्या कडेला पोचली तेव्हा दुसरी सुरू केली.

‘हे सगळे कधीचे?’

‘असतील दिवाळीपासूनचे.’

‘आणि एकदाही आला नाहीत,’ काका म्हणाले. त्यांनी दोन्ही ओळी मनातल्या मनात पंक्चरच्या दरानं गुणल्या असाव्यात, कारण चेहरा फारच पडला.

चिरेला आतून जुन्या टायरचं गेटर लावलं, ट्यूब बसवली, हवा भरली. पैसे फक्त गेटरचे घेतले. काटे मात्र परत दिले नाहीत. पुडी बांधून गल्ल्यात टाकत म्हणाले, ‘राहू देत. कुणी ट्यूबलेस करायचं म्हणून विचारायला आला, तर दाखवायला होतील.’