रानातलावणी

मोडी लिपीच्या आमच्या दहा शनिवारांच्या वर्गाला तिसऱ्या शनिवारी गळती लागते. पाऊस थांबल्यावर पागोळ्या ओघळाव्यात तशी एकेक माणसं ओघळून जातात. दोष त्यांचा म्हणवत नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची. दोन शब्दांत जागा सोडायची रीतच नाही. चाळीच्या गॅलरीत एकाच्या पायजम्याला दुसरीचं लुगडं खेटून वाळावं, तसा सगळा मजकूर. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचं सोवळं नाही, त्यामुळे सुत आणि सूत, म्हणजे पोरगा आणि दोरा, एकाच वेशात समोर उभे.

मानसशास्त्र शिकणारी भाची म्हणाली, “मामा, माणसं आळशी नाहीत रे, त्यांच्या डोळ्यांना गठ्ठे बांधायला काही मिळत नाही.” मग तिने मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमरची गोष्ट सांगितली. १९१० साली हा गृहस्थ सुट्टीवर निघाला, आगगाडीत एक कल्पना सुचली म्हणून मध्येच फ्रँकफर्टला उतरला, स्थिर चित्रं हलती भासवणारं एक खेळणं विकत घेतलं आणि हॉटेलच्या खोलीत ते फिरवत बसला. मला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली. आम्ही फार तर चिक्कीसाठी लोणावळ्याला उतरतो. पुढे १९२३मध्ये त्याने डोळा गोष्टी कशा जुळवतो याचे नियम मांडले. त्यातला एक असा, की जवळजवळच्या वस्तू डोळा एका घरच्या समजतो. मी सगळे सरावाचे कागद नव्याने लिहून काढले, शब्दाशब्दांत ऐसपैस अंगण सोडून. वर्ग धावू लागला. तिसरा शनिवार आला आणि गेला, पण कोणी ओघळलं नाही. मी घरी येऊन उगाचच दोनदा चहा प्यालो.

सहाव्या शनिवारी खऱ्या जुन्या दस्ताची झेरॉक्स वाटली आणि अंगणं नाहीशी झाली. एक कॉलेजातला मुलगा बराच वेळ कागदाशी नाक लावून बसला, मग आनंदाने ओरडला, “सर, तलाव!” ओळीत होतं ‘रानातलावणी’. खेटून बसलेल्या अक्षरांतून त्याच्या डोळ्याने ओळखीचा तेवढा तलाव उचलला होता. वेर्टहायमर खोटा पडला म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. मी खडू हातात धरून नुसता उभा राहिलो.

मागच्या बाकावर मावळातल्या एक आजी बसत. अक्षरं त्यांना जेमतेम लागत, पण त्या डोळ्यांपेक्षा तोंडाने वाचत. ओळीवर बोट ठेवून, ओवीच्या चालीत पुटपुटत त्या सरकू लागल्या. “रानात...” तिथे त्यांनी श्वास घेतला, “लावणी.” मी शिकवलेली सगळी मोकळी जागा त्या एका श्वासात मावली होती.

मुलगा खट्टू झाला. “मग तलाव गेला?”

“जातोय कुठं बाळा,” आजी म्हणाल्या, “लावणीच्या दिवसांत खाचरात पोटरीभर पाणी असतंच की.”