खुर्चीत्याग

खुर्ची सोडणे ही या देशातील सर्वांत अवघड क्रिया होय, हे सार्वजनिक जीवन जवळून पाहिलेल्या कोणाही सुज्ञ गृहस्थास वेगळे सांगावयास नको. परंतु तीच क्रिया हातांचा आधार न घेता ३० सेकंदांत जितक्या वेळा साधेल तितक्या वेळा करून दाखविण्याचे फर्मान, मामलेदार कचेरीत उभी हयात खुर्ची उबविण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या पेन्शनरावर एका पंचविशीतल्या मुलीकडून सुटावे, यास दैवाची थट्टा म्हणावी, की माझ्यापायी हेलपाटे घातलेल्या पक्षकारांचे शाप फळास आले म्हणावे, याचा निर्णय मला अद्याप करिता आलेला नाही.

ही मुलगी फिजिओथेरपिस्ट. तिच्या शास्त्राप्रमाणे म्हातारा माणूस पडतो तो प्रारब्धाने नव्हे, तर मांड्यांचे स्नायू क्षीण झाल्याने, तळव्यांची जाणीव मंदावल्याने, अंतर्कर्णातील तोल राखणारी यंत्रणा थकल्याने आणि रात्री दिवा न लावता मोरीकडे जाण्याच्या बाणेदारपणाने. पैकी शेवटचे कारण तिने आमच्या कुटुंबाच्या समक्ष उच्चारावयास नको होते.

पुढची परीक्षा अशी की, उठावयाचे, ३ मीटर चालावयाचे, वळून परत यावयाचे आणि बसावयाचे. यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास पडण्याचा धोका आहे असे समजावयाचे. आमच्या कचेरीत कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाण्यास दोन पावसाळे लागत, तरी तो वाटेत पडल्याचे ऐकिवात नाही, हा माझा युक्तिवाद तिने दप्तरी दाखल केला.

मग घोट्यास वजने बांधून गुडघा सरळ करणे, टाचेस बोटे भिडवून रेषेवरून चालणे आणि उलटे चालणे, असा क्रम सुरू झाला. हा क्रम मूळ न्यूझीलंडातील ओटागो विद्यापीठाचा. तेथे ८० वर्षांवरील स्त्रियांकडून तो घरच्या घरी करवून घेतला असता त्यांचे पडणे बरेच कमी झाले, असे १९९७ साली प्रसिद्ध झाले आहे. उलटे चालणे मात्र मला कोणी शिकवावे लागले नाही. साहेबांच्या खोलीतून बाहेर पडण्याची आमची ती रूढ रीतच होती.

घराचाही पंचनामा झाला. पायपुसणी जप्त झाली, मोरीत धरावयास दांडा बसला, झिजलेल्या सपाता मोडीत निघाल्या. धोतर पाहून तिने केवळ दीर्घ निःश्वास सोडला.

हे सर्व मी निमूटपणे सोसले असते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या मुलांना बाकावर उभे करणारे शेजारचे निवृत्त हेडमास्तर आता तिच्यापुढे एका पायावर १० सेकंद उभे राहण्याचा सराव करितात, आणि आकडे स्वतःच मोजीत असल्याने सातावरून थेट दहावर उडी घेऊन पाय टेकितात. सबब, त्यांची मोजदाद यापुढे त्रयस्थासमक्ष व्हावी, अशी लेखी दरखास्त मी आजच तिच्याकडे गुदरली आहे.